नाद विरेपर्यंत

“घंटी एकदा वाजवलीस की तिचा नाद पार विरेपर्यंत पुढचं नाव घ्यायचं नाही. घाई देवाला चालत नाही, आणि घाई करणारं माणूस मला चालत नाही.”

आई हे रोज सांगायची. पहाटे आम्ही दोघं भावंडं तिच्या दोन बाजूंना बसायचो, मी झोप आवरत आणि धाकटा झोपेतच. ती दिवा लावायची, एकदा घंटी हलवायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची. घंटी तशी साधीच, पितळेची, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. धाकट्यानं लहानपणी ती जिन्यावरून खाली सोडली होती, तेव्हापासून तिच्या कडेला बारीक चीर होती. आधी ती किणकिणायची, पडल्यावर घुमायला लागली. हलवली की आवाज जाड होत जायचा, मध्येच थरथरायचा, आता संपला म्हणेपर्यंत पुन्हा एक वळसा घ्यायचा आणि मग जमिनीत उतरल्यासारखा नाहीसा व्हायचा. आई धाकट्याला रागावली नाही. “आता हिला ऐकायला जास्त वेळ द्यावा लागेल,” एवढंच म्हणाली.

आई गेली तेव्हा घंटी माझ्याकडे आली आणि तिचे नेमही. पहाटे घंटी आणि नामस्मरण. दिवसभर खोटं बोलायचं नाही. दिवेलागणीला दिवा लावला की दुसऱ्या दिवशीच्या घंटीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लोकांना वाटतं, मी फार शांत बाई आहे. तसं काही नाही. मी हळू बोलते, एवढंच.

धाकटा मात्र ड्रम बडवायला गेला. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं सेट मांडला आणि शेजारच्या आजोबांनी कानयंत्र काढून ठेवलं ते कायमचं. “तुझ्या भावामुळे माझे सेल वाचतात,” म्हणायचे. त्याचा हेवी मेटल बँड होता. चौघं जण. गाणारा पुढे उभा राहून गिटार वाजवायचा आणि अशा काही डरकाळ्या फोडायचा की मी त्याचं नावच डरकाळ्या ठेवलं. बास गिटारवर एक उंच, वाकलेला, अबोल माणूस होता, तो बगळा. आणखी एक गिटारवाला होता, त्याचे केस इतके पुढे यायचे की त्याचा चेहरा मी कधी धड पाहिलाच नाही.

त्यांचं गाणं म्हणजे ब्रेक निकामी झालेला ट्रक उतारावरून सुटावा, तसं. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण मी पडदे शिवण्याच्या दुकानात काम करते, हातात सुई असते, म्हणून त्यांच्या काळ्या जाकिटांच्या पाठीवर बँडचं नाव मीच शिवलं होतं. जाड कापडावर अक्षरांचे कोपरे निघू नयेत म्हणून दुहेरी टीप घातली होती. सराव संपला की सगळे माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचे. डरकाळ्या ताट पुढे करून म्हणायचा, “ताई, वाढ गं अजून. तुझ्या हातचं खाल्लं की माझा आवाज अर्धा गावभर जास्त जातो.” मी वाढायची. आपलाच, म्हणून वाढायची.

मग धाकट्याचं उजवं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि काही महिने काठ्यांना शिवायचं नाही म्हणाले. त्यानं डरकाळ्याला सांगितलं. डरकाळ्या म्हणाला, “दुखतंय तर दुखू दे. मेटल वाजवतोस की अंगाई?” आणि ठरलेला कार्यक्रम तसाच ठेवला.

त्या कार्यक्रमाला मी गेले होते. कानात कापसाचे बोळे घालून शेवटच्या रांगेत उभी होते. सगळ्यात वेगाचं गाणं सुरू झालं आणि धाकटा मागे पडायला लागला. मला ताल कळत नाही, पण माझ्या भावाचा चेहरा कळतो. डरकाळ्यानं मागे वळून पाहिलं. त्याला दिसलं होतं. दिसूनही त्यानं वेग वाढवला. बाकीचे त्याच्यामागे धावले आणि धाकटा एकटाच राहिला, भरल्या बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा. तेव्हा डरकाळ्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माइक तोंडाशी घेतला.

“माफ करा मंडळी, आमच्या ड्रमरला डुलकी लागली. जरा उठवता का त्याला?”

सगळं सभागृह ओरडायला लागलं. “ऊठ! ऊठ! ऊठ!”

हसत होते सगळे. बगळासुद्धा, जमिनीकडे बघत का होईना, हसला. मग त्यांनी उरलेली गाणी ड्रमशिवाय वाजवली. धाकट्याला तिथून उठताही येईना; सेटच्या मागून बाहेर पडायचं तर सगळ्यांच्या समोरूनच जावं लागलं असतं. तो मांडीवर काठ्या घेऊन, झगझगीत दिव्याखाली, शेवटपर्यंत तिथंच बसून राहिला.

घरी आल्यावर त्यानं हात थंड पाण्याच्या बादलीत घातला. माझं मौन होतं. मी नुसती त्याच्याजवळ बसले. दुसऱ्या दिवशी घंटी विरल्यावर देवाच्या नावाआधी माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघालं. उंबऱ्यात धाकटा उभा होता. मी म्हटलं, “त्यांना तुझ्यासाठी थांबायला लावीन. असंच. सगळ्यांच्या समोर.”

“तू, ताई?” तो म्हणाला, आणि इतक्या दुःखातही त्याला हसू आलं. “तू तर मांजरालासुद्धा ‘जरा सरकता का’ म्हणतेस.”

त्याच आठवड्यात त्यांनी दुसरा ड्रमर घेतला. धाकटा टायरच्या दुकानात कामाला लागला. पंक्चर काढायचं, हवा भरायची, डाव्या हातानं जमेल ते करायचं. मला वाटलं होतं, आता काठ्यांना कधी हात लावणार नाही. पण काही महिन्यांनी एका पहाटे मी घंटी वाजवली, नाद विरत विरत खाली गेला, आणि तो जिथं संपला नेमका तिथं शेडमधून एक ठोका आला. एकच. जड, खोल. मग शांतता. मी नाव घेतलं, पुन्हा घंटी वाजवली, विरू दिली. पुन्हा तोच ठोका.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला माझी घंटी ऐकू जात होती. त्याच्या मनगटाला तेवढंच झेपत होतं, दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी विश्रांती हवीच होती. मग हळूहळू त्या मोकळ्या जागेत तो बारीक काही काही भरायला लागला. काठी पत्र्यावरून नुसती ओढायची, ड्रमवर बोटांनी पाऊस पाडल्यासारखं करायचं. पण मोठा ठोका नाद विरल्यावरच. आईचं ऐकत झोपी जाणारा पोरगा शेवटी आईचंच ऐकून वाजवत होता. त्या दिवसांत माझा जप फार चांगला व्हायचा.

एकदा बगळा भेटायला आला. फार सकाळी, माफी मागायला आल्यासारखा मान खाली घालून. शेडमध्ये उपड्या बादलीवर बसून त्यानं ते सगळं ऐकलं आणि फोनवर टिपून घेतलं. जाताना मला म्हणाला, “ताई, हे मी त्यांना ऐकवतो. ऐकल्यावर परत बोलावतील बघ याला.”

कुणी बोलावलं नाही.

त्यानंतर वर्ष उलटून गेलं असेल. दुकानात एका मोठ्या पडद्याचं काम चाललं होतं. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाची साखळी घालतात, ती मी आत सरकवत होते. मालकीणबाईंचा रेडिओ चालू होता. निवेदिका म्हणाली, हेवी मेटलमधल्या वादळानं आपली शैलीच बदलली आहे, नवीन अल्बममध्ये वेग नाही, किंकाळ्या नाहीत, आणि तरी हा त्यांचा आजवरचा सगळ्यात जड अल्बम आहे. मग डरकाळ्या बोलायला लागला. आवाज मात्र खाली उतरवलेला, एखाद्या प्रवचनकारासारखा.

“वेग म्हणजे पोरखेळ होता हो. खरं वजन थांबण्यात असतं. मी एकटाच डोंगरात जाऊन राहिलो होतो काही दिवस. तिथं मला ही शांतता सापडली.”

“अगं बाई, हेच ना ते बोंबलणारे?” मालकीणबाई म्हणाल्या. “घसा बसला वाटतं मेल्यांचा.”

आणि गाणं सुरू झालं.

पहिल्यांदा घंटी आली. माझी घंटी. जाड होत गेली, थरथरली, वळसा घेऊन खाली उतरली, आणि जिथं संपली तिथं सगळ्या गिटारी एकदम, डोंगर कोसळावा तशा पडल्या. त्यांच्या पोटात तो ठोका होता. पुन्हा शांतता. पुन्हा घंटी. दुसऱ्या घंटीच्या शेवटी कुणीतरी हळूच खोकललं.

“गाण्यात खोकललं गं कुणीतरी!” मालकीणबाई हसायला लागल्या. “काय पण एकेक. याला म्हणे कला म्हणतात.”

तो खोकला माझा होता. बगळा आला तेव्हा मला सर्दी झाली होती.

साखळी माझ्या हातातून सुटली आणि पडद्याच्या दुमडीत आत कुठंतरी गेली. ती काढायला मला सबंध शिवण उसवावी लागली. निवेदिकेनं नंतर सगळ्यांची नावं सांगितली. ड्रमवर नवा माणूस. संकल्पना आणि रचना, डरकाळ्या.

संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, मी धाकट्याला सांगायला गेले तर त्यानं ते आधीच ऐकलं होतं. टायरच्या दुकानात एका गाडीत वाजत होतं. तो काळवंडलेले हात साबणानं चोळत होता. बराच वेळ चोळत राहिला.

“चांगलं झालंय गं गाणं,” तो म्हणाला.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो ‘चांगलं झालंय’ म्हणाला आणि माझ्या पोटात काहीतरी पेटलं, ते पुढं कितीतरी दिवस विझलं नाही.

त्यानंतर पहाटे मी घंटी हलवायची, डोळे मिटायची, आणि देवाच्या जागी डरकाळ्याचं तोंड यायचं. नाव घ्यायला ओठ उघडायचे आणि आतून ‘ऊठ, ऊठ’ ऐकू यायचं. सुरुवातीला मी घाबरले. जप वाढवला, जेवण एकवेळचं केलं. राग उपाशीपोटी आणखीच धारदार होतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मी देवासमोर सरळच बोलले. म्हटलं, हे माझ्यात आहे, मी ते लपवत नाही, आणि हे पुरं होईपर्यंत मी क्षमा मागणार नाही. तुला चालत नसेल तर तू मला अडव.

अडवायचं राहिलंच, उलट काही दिवसांनी त्यानं डरकाळ्याला माझ्या दारात आणून उभं केलं.

बरोबर बगळा होता. बगळ्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. डरकाळ्या अंगानं भरला होता, केस कापले होते, अंगात राखाडी सदरा. दारात उभं राहून त्यानं घरभर नजर फिरवली आणि हात जोडले.

“नमस्कार मावशी.”

मावशी! माझ्या स्वयंपाकघरात ताट पुढे करणारा हा माणूस मला ओळखतही नव्हता, की ओळखायचं नव्हतं त्याला? मी म्हटलं, “या. बसा.” पूर्वी मी त्याला अरे-तुरे करायची.

त्याला घंटी हवी होती. नव्या अल्बमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता आणि त्यात ते गाणं सगळ्यात शेवटी होतं. अल्बममध्ये बगळ्यानं टिपलेलाच आवाज साफ करून वापरला होता, पण सभागृहात तो चालेना. भोंग्यातून घंटी वाजवली की गिटारवाल्यांना तिचा शेवट सापडत नव्हता. कुणी आधी पडायचं, कुणी मागून. दुसऱ्या घंट्या आणून पाहिल्या, त्या किणकिणून मोकळ्या व्हायच्या. ताल धरायला यंत्राचा ठोका कानात लावून पाहिला, तर गाण्यातला जीवच गेला.

“हा वळसा आहे ना शेवटचा, तो खऱ्या घंटीतच येतो,” डरकाळ्या सांगत होता. “आम्ही सगळे त्याच्यावरच टांगलेले असतो. मग हा म्हणाला, घंटी कुठली आहे ते मला माहीत आहे.” त्यानं बगळ्याच्या गुडघ्यावर थाप मारली. “आधी वाजवायला आमचाच माणूस घेणार होतो. पण हा म्हणतो, ती तुमच्याच हातात तशी वाजते.”

“ती आमच्या देवाची आहे,” मी म्हटलं.

“अहो, मग आम्ही कुठं दानवांची मागतोय?” तो मोठ्यानं हसला. हसणं मात्र अजून पूर्वीचंच होतं.

मी पाणी आणून ठेवलं. बसले. आणि जे मागायचं ते मागितलं, आवाज न चढवता. “माझी एक अट आहे. गाण्याच्या आधी तुम्ही माइकवरून सांगायचं, की हा ठोका माझ्या भावाचा आहे. त्याचं नाव घ्यायचं. ज्या माइकवरून तुम्ही लोकांना हसवलंत, त्याच माइकवरून.”

खरंच सांगते, त्या क्षणी त्यानं नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं, तर मी पोटातलं सगळं विझवलं असतं. पाण्याचा पेला त्याच्या हातात मी त्याच आशेनं दिला होता.

त्यानं एक घोट घेतला. “मावशी, ते जुनं झालं हो सगळं. आणि हे बघा, एक गोष्ट सरळ सांगतो, राग मानू नका. त्याला तिकडे आणूसुद्धा नका. लोक ओळखतात, चार ठिकाणी छापून येतं, आमचं सगळं नव्यानं बसतंय. त्याचा हात गेला त्याला मी काय करू? वाईट वाटतं. पण बँड म्हणजे काही धर्मशाळा नाही ना.”

बगळा म्हणाला, “नाव घ्यायला काय हरकत—”

“तू गप रे,” डरकाळ्या म्हणाला, आणि बगळा गप झाला. सवयच होती त्याला.

खिडकीतून शेडचा पत्रा दिसत होता. मी तिकडे पाहिलं. पोटातली आग कुठे गेली कोण जाणे, एकदम गार वाटलं, वाळत घातलेल्या ओल्या कापडावरून वारं यावं तसं.

“येईन मी,” मी म्हटलं. “पण घंटी माझ्या वेळेनं वाजेल.”

“अहो, तेच तर हवंय आम्हाला!” त्यानं टाळी वाजवली. “तुमची वेळ, हीच तर सगळी जादू!”

एकदा तालमीला गेले. एका गोदामात वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती, भिंतींना जाड फोम लावलेला, जमिनीवर वायरी, कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या. खुंटीवर ती काळी जाकिटं अजून लटकत होती. धूळ बसली होती, पण अक्षरांचा एकही कोपरा उचकटला नव्हता. मला खोलीच्या मधोमध उभं राहायची जागा खडूनं आखून दिली. ड्रमवरचा नवा माणूस टकला, वयानं मोठा, बोलायला सभ्य होता. “तुम्ही फक्त वाजवा, आम्ही तुमच्याकडेच बघतोय,” म्हणाला.

मी घंटी हलवली.

चौघांचे हात वर थांबले. श्वास रोखून सगळे ऐकत होते, आईच्या दोन बाजूंना बसलेल्या पोरांसारखे. नाद वळसा घेऊन खाली गेला आणि ते कोसळले. माझ्या पायाखालची फळी हलली, दात थरथरले. ते सुंदर होतं. खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते: ते फार सुंदर होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाटलं, राहू दे. गाणं तर जगतंय ना, नाव कुणाचं का असेना.

तेवढ्यात डरकाळ्यानं हात वर केला. “थांबा, थांबा. टकल्या, अजून मागे पड. अजून आळसावून. अरे, झोपल्यासारखं वाजव!” मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसायला लागला. “आमचा जुना होता ना एक, झोपाळू, तसं. तो फुकट करायचा, तुला पैसे मिळतायत.”

केसवाला हसला. टकल्याला गोष्ट माहीत नव्हती, तोही शिष्टाचार म्हणून हसला. बगळ्यानं आपल्या तारा जुळवायला घेतल्या, त्या आधीच जुळलेल्या होत्या.

मी डोळे पुसले. “पुन्हा घेऊ या का?” मी विचारलं.

“वा मावशी! हा उत्साह हवा!”

घरी येऊन मी धाकट्याला सगळं सांगितलं. ‘झोपाळू’ हा एक शब्द तेवढा गाळला. तो ऐकत होता, उजव्या मनगटावरची पट्टी सोडून पुन्हा बांधत होता.

“आईनं सांगितलं होतं, घंटी घराबाहेर न्यायची नाही,” तो म्हणाला.

“देवाला विचारलंय मी.”

“काय म्हणाला?”

“काही म्हणाला नाही.”

“मग?”

“नको म्हणायचं असतं तर म्हणाला असता. त्याला काय तोंड नाही का?”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “ताई, तू काय करणार आहेस?”

मी सांगितलं. गाणं सुरू होईल. पहिली घंटी मी देईन. नाद विरेल, ते चौघं कोसळतील, मग शांतता येईल आणि त्यांचे हात पुन्हा वर जातील. ते हात मी तसेच ठेवणार आहे. ते माझ्याकडे बघतील. डरकाळ्या दातओठ खाईल, खुणा करील, कुजबुजेल. माझं मौन असेल. लोक आधी वाट बघतील, मग हसतील, मग ओरडायला लागतील, ‘वाजव! वाजव!’ आणि मी घंटी हातात धरून, मान खाली घालून, उभी राहीन. त्याला माइकवर काहीतरी बोलावंच लागेल. काय बोलायचं ते त्याला माहीत आहे. नाव घेतलं तर वाजवीन. नाही घेतलं तर दिवे बंद होईपर्यंत थांबतील सगळे.

मला वाटलं, धाकटा आता म्हणेल, नको ताई, सोडून दे. तो तसा मऊ आहे, माझ्याहून मऊ. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

“पहिली घंटी नीट दे,” तो म्हणाला. “अगदी नीट. मनगट सैल ठेव, कोपरातून हलव. ती चुकली ना, तर लोक म्हणतील बाई घाबरली, बाईला येत नव्हतं. ती सुरेख आली, तर सगळ्यांना कळेल की दुसरी तू मुद्दाम देत नाहीयेस.”

“देईन.”

“आणि त्याच्याकडे बघू नकोस. बघितलंस की तुला दया येईल. तुला मी ओळखतो.”

“येणार नाही,” मी म्हटलं.

मग त्यानं कपाटातून जाकीट काढलं. त्या कार्यक्रमापासून ते तसंच घडी करून ठेवलेलं होतं. “ही अक्षरं काढून देतेस?” त्यानं विचारलं. मी खिडकीशी बसून एकेक टाका उसवला. दुहेरी टीप, माझीच घातलेली, सहजासहजी निघेना. सगळी अक्षरं निघाली तेव्हा काळ्या कापडावर त्यांच्या जागी जास्त काळे ठसे राहिले, ऊन न लागलेले. ते काही निघण्यासारखे नव्हते. धाकट्यानं जाकीट घातलं, पाठ माझ्याकडे केली.

“वाचता येतंय?”

“जवळून बघितलं तर येतंय.”

“चालेल. मी जवळच बसणार आहे.”

आज दुपारी तो पुढे गेला. पहिल्या रांगेत मधली खुर्ची धरायची आहे त्याला, डरकाळ्याच्या थेट समोर. जाताना जिन्यावर थांबला आणि म्हणाला, “ताई, तुला खरंच वाटतं ते थांबतील?”

“तुझ्यासाठी थांबतील,” मी म्हटलं. “शब्द दिलाय मी.” आजच्या दिवसातलं माझं ते शेवटचं बोलणं.

तो गेल्यावर मी हातपाय धुतले, धुतलेली साडी नेसले. बाहेर अजून उजेड होता, तरी दिवा लावला. दिवा लागला आणि नेमाप्रमाणे माझं तोंड मिटलं. देवासमोर वाकले. काही मागितलं नाही, मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घंटी उचलली. वाटेत वाजू नये म्हणून तिच्या आतल्या लोलकाला मऊ कापडाची पट्टी गुंडाळली आणि दोन सैल टाके घातले, एका ओढीत सुटतील असे. मग सगळी घंटी आईच्या जुन्या पदराच्या तुकड्यात बांधून पिशवीत, अगदी तळाशी ठेवली. ओटा पुसला. गॅस बंद आहे का ते पाहिलं. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं.

शेजारचे आजोबा गॅलरीत बसले होते. “काय गं, या वेळी कुठं निघालीस?” त्यांनी विचारलं. मी हसून हात जोडले. पिशवी छातीशी धरली आणि पायऱ्या उतरायला लागले, हळूच, पाय न वाजवता.